लहान लॅपटॉप आणि मोठें घर

घरांतील वस्तु जुन्या होतात आणि त्यांच्या जागीं नव्या येतात, यांत नवल कांहीं नाहीं. जात्याच्या जागीं गिरणी आली, पाट्यावरवंट्याच्या जागीं मिक्सर आला. घरोघरच्या गृहिणींनीं दोहोंचे गुणदोष चार दिवसांत पारखले आणि आपापला निर्णय केला. परंतु जातें माळ्यावर टाकलें म्हणून त्याच्याबरोबर कोठींतलें धान्य कांहीं माळ्यावर जात नसे. लॅपटॉपाची गोष्ट तशी नाहीं. तो यंत्रही आहे आणि कोठीही आहे. दहाबारा वर्षें घरांत वावरलेला मोठा लॅपटॉप जाऊन त्याच्या जागीं लहान, चपटा, सुबक असा नवा येतो, तेव्हां किंमत किती, वजन किती आणि रंग कोणता, एवढ्याचाच बहुधा खल होतो. कोठींतल्या ऐवजाचें काय झालें हें मागाहून कोणाच्या तरी ध्यानांत येतें, आणि तोंवर पुष्कळदां उशीर झालेला असतो. एकत्र कुटुंबांत तर हा ऐवज एकट्यादुकट्याचा नसतो. म्हणून या स्थित्यंतराचा सर्व बाजूंनीं विचार व्हावा, एवढ्याच हेतूनें आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

हा प्रश्न आजच घरोघर कां उपस्थित व्हावा, यासही कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या आपल्या प्रणालीची नियमित निगा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. घरगुती ग्राहकांस कांहीं अटींवर एका वर्षाची वाढीव मुदत देऊं केली आणि तिचा शेवटचा दिवस १३ ऑक्टोबर २०२६ हा ठरविला. विंडोज ११ ही पुढची प्रणाली मात्र सरसकट जुन्या यंत्रांवर चढत नाहीं. तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची योजना यंत्रांत असावी लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा, असावा लागतो. त्यामुळें २०१२ ते २०१५ च्या सुमारास हौसेनें घेतलेले मोठे लॅपटॉप हातींपायीं धड असूनही निवृत्तीच्या रांगेंत येऊन बसले आहेत.

अमरावतीहून नागपूरच्या हमरस्त्यानें निघालें म्हणजे लागणारें आमचें नांदगांव पेठ हें गांव आतां केवळ शेतकऱ्यांचें व उदमी लोकांचें राहिलेलें नाहीं. येथें औद्योगिक वसाहत आहे, कापडाचे कारखाने आहेत, २७० मेगावॅटच्या ५ संचांचें मिळून १३५० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. तरीही घरोघरचीं शिकलेलीं मुलें पुणें, नागपूर, हैदराबाद अशा ठिकाणीं नोकरीस आहेत. दिवाळीस तीं घरीं येतात तेव्हां खांद्यावरच्या पिशवींत लहान नवें यंत्र असतें, आणि माजघरांतील टेबलावर घरचें जुनें मोठें यंत्र बसलेलें असतें. दोन्ही एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे अंतर केवळ आकाराचें नाहीं हें उमगतें.

मोठ्या यंत्राचा संसार

त्या काळचा सामान्य घरगुती लॅपटॉप १५.६ इंची पडद्याचा आणि सुमारें अडीच किलो वजनाचा असे. नांव लॅपटॉप, म्हणजे मांडीवरचा. परंतु मांडीवर तो क्वचितच बसला. एकदां टेबलावर मांडला कीं तो हलत नसे, आणि हलत नसे म्हणूनच तो साऱ्या घराचा झाला. सकाळीं आजोबा त्यावर वर्तमानपत्र वाचीत, दुपारीं काकू सातबाराचा उतारा किंवा रेल्वेचें आरक्षण पाहत, संध्याकाळीं मुलें अभ्यास करीत, आणि रात्रीं परदेशांतल्या आत्याचें दर्शन सगळ्यांस एकदमच घडे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें २००१ सालीं एमएससीआयटीचा अभ्यासक्रम सुरू केल्यापासून वऱ्हाडांतल्या कित्येक सुनांनीं आणि लेकींनीं संगणक हाताळावयाचें धैर्य मिळविलें, त्यांतल्या पुष्कळ जणींचा हात बसला तो अशा घरच्या यंत्रावर.

त्याला पासवर्ड असे, परंतु तो सर्वांस ठाऊक असे. बहुधा घरांतल्या सर्वांत लहान मुलाचें नांव आणि जन्मसाल. सुरक्षेच्या दृष्टीनें ही व्यवस्था निकृष्ट होती, यांत शंका नाहीं. पण त्या शैथिल्याचा एक गुण होता. घरांतलीं छायाचित्रें, लग्नांच्या याद्या, शेताचे हिशेब, वैद्यकीय कागद, आजोबांनीं टंकून ठेविलेला कुलवृत्तान्त, हें सर्व एका ठिकाणीं होतें, आणि घरांतला कोणीही माणूस तें उघडूं शकत होता.

लहान म्हणजे दुर्बळ नव्हे

वडील मंडळींस लहान यंत्राविषयीं जो संशय वाटतो तो अगदींच निराधार नाहीं. हातांतून नेतां येणारा पहिला प्रसिद्ध संगणक म्हणजे एप्रिल १९८१ मध्यें आलेला ऑस्बोर्न १. त्याचें वजन सुमारें ११ किलो, पडदा अवघा ५ इंची, आणि आंत बॅटरी नाहीं. पुढें वजन उतरत गेलें. परंतु २००७ च्या सुमारास ७ इंची पडद्याचे, किलोभराहून हलके जे ‘नेटबुक’ आले ते इतके मंद होते कीं एक चित्र उघडेपर्यंत चहा थंड व्हावा. लहान घेऊन पस्तावलेल्यांचा तो अनुभव लोकांच्या मनांत घर करून राहिला आहे.

पुढचें वळण १५ जानेवारी २००८ रोजीं आलें. त्या दिवशीं स्टीव्ह जॉब्ज यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें कागदी पाकिटांतून मॅकबुक एअर काढून दाखविला. पडदा १३.३ इंची, वजन १.३६ किलो, आणि तबकडी घालावयास जागाच नाहीं. त्या वेळीं तें श्रीमंतांचें लाड वाटलें. आज घराघरांत तोच नमुना सर्रास झाला आहे. मधल्या काळांत प्रोसेसरांची विजेची भूक कमी झाली. जुन्या मोठ्या लॅपटॉपांतले प्रोसेसर बहुधा ३५ वॉटच्या हिशेबानें बांधलेले असत. आजच्या लहान यंत्रांतले १५ वॉटच्या आसपास राहूनही त्यांहून किती तरी अधिक काम उरकतात. २०२० च्या नोव्हेंबरांत आलेल्या मॅकबुक एअरमध्यें तर पंखाच नव्हता.

वेग वाढण्याचें दुसरें कारण आंतल्या कोठींत आहे. जुन्या यंत्रांतली हार्ड डिस्क ही मिनिटास ५४०० फेरे घेणारी फिरती तबकडी होय. तिच्यावर सुई सरकून माहिती शोधते, आणि धक्का बसला तर दुखावते. नव्या यंत्रांतल्या एसएसडीमध्यें हालणारा भागच नाहीं. जुनें यंत्र केवळ मंद झालें म्हणून काढावयाचें असेल, तर त्यांतली हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसविल्यानें तें पुष्कळदां नव्यासारखें धांवतें, हेंही येथें सांगून ठेवणें उचित होय. खर्चाच्या मानानें हा उपाय स्वस्त आहे. मात्र प्रणालीच्या निगेचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

पडद्याचा हिशेब

वृद्धांची मुख्य तक्रार पडद्याविषयीं असते, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. पडद्याचें माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत घेतात, त्यामुळें नुसत्या आंकड्यावरून फसगत होते. जुना १५.६ इंची पडदा रुंदीस सुमारें १३.६ इंच आणि उंचीस ७.६ इंच भरतो. नव्या १४ इंची यंत्रांपैकीं पुष्कळांची ठेवण १६ः१० अशी, म्हणजे किंचित् उभट असते. तो पडदा रुंदीस ११.९ आणि उंचीस ७.४ इंच भरतो. म्हणजे रुंदी पावणेदोन इंचांनीं घटली, परंतु उंची जवळजवळ तेवढीच राहिली. वाचणाऱ्यास ओळी किती दिसतात हें उंचीवर अवलंबून असल्यानें, अशा यंत्रावर पत्र किंवा लेख वाचतांना फारसें उणें पडत नाहीं. १३.३ इंची, १६ः९ ठेवणीचा पडदा मात्र उंचीस साडेसहा इंचच भरतो. साठी ओलांडलेल्या माणसासाठीं तो घेऊं नये.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. जुन्या पडद्यावर बहुधा १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके असत. नव्यावर १९२० बाय १२००, म्हणजे २३ लाखांवर असतात. रोमन लिपीस थोड्या ठिपक्यांत निभावतें. आपल्या देवनागरीस शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, व खालीं उकार असा दोन्हीकडे पसारा असल्यानें ठिपके कमी पडले कीं अनुस्वार मात्रेंत मिसळतो. नव्या पडद्यावर तींच अक्षरें छापल्यासारखीं स्वच्छ उमटतात. तीं बारीक दिसतात याचा दोष पडद्याचा नसून मांडणीचा आहे. मांडणींत जाऊन अक्षरांचें प्रमाण १५० टक्के केलें म्हणजे आजोबांचा चष्मा बदलावा लागत नाहीं. सगळ्या घरानें मिळून कांहीं पाहावयाचें असेल तेव्हां एका तारेनें दिवाणखान्यांतल्या दूरदर्शन संचास यंत्र जोडावें. मात्र कांहीं लहान यंत्रांस एचडीएमआयचें भोंक नसतें. त्यांस निराळा जोड घ्यावा लागतो, तो यंत्राबरोबरच घेतलेला बरा.

कळफलकाबाबत एक सूचना. अक्षरांच्या कळा लहान यंत्रांतही बहुधा नेहमींच्याच आकाराच्या असतात, परंतु उजव्या बाजूचा आंकड्यांचा संच नाहींसा होतो. जमाखर्च लिहिणाऱ्या काकांस ही उणीव पहिल्याच दिवशीं जाणवेल. आंकड्यांचा सुटा कळसंच थोडक्या किंमतींत मिळतो.

वऱ्हाडचें ऊन आणि कपाशीची धूळ

आपल्याकडील हवामानाचा विचार दुकानांतल्या जाहिरातींत नसतो. वैशाखांत अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो. लिथियमच्या बॅटरीस उष्मा मानवत नाहीं; यंत्र चालू नसलें तरी उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत ठेविल्यानें तिचें आयुष्य झिजतें. पंखा असलेल्या यंत्रास धुळीचाही जाच असतो. येथें कपाशीच्या हंगामांत हवेंत जे तंतु उडतात ते पंख्याच्या जाळींत जाऊन बसतात, मग वारा खेळत नाहीं आणि यंत्र तापतें. मोठें यंत्र उघडून झाडणें सोपें होतें. लहान यंत्र उघडावयास जाणकार कारागीर लागतो. म्हणून तें गादीवर ठेवूं नये, कारण त्याचीं श्वासाचीं भोंकें बुजतात. आणि उन्हाळ्यांत कूलरच्या थेट ओल्या वाऱ्यांतही ठेवूं नये.

विजेच्या बाबतींत मात्र लहान यंत्रानें वऱ्हाडावर उपकारच केले आहेत. वीजकेंद्र गांवाजवळ असलें तरी वळवाच्या वादळांत तारा तुटावयाच्या त्या तुटतातच. जुन्या यंत्राची थकलेली बॅटरी अर्ध्या तासांत मान टाकी. नवें यंत्र साध्या कामावर आठ-दहा तास सहज काढतें. ज्या घरीं परीक्षेची मुलें आहेत त्यांस याचें मोल सांगावयास नको.

याच्या उलट एक उणीव. जुन्या यंत्रांत स्मृति वाढवितां येत होती, बॅटरी खटका दाबून बदलतां येत होती. पुष्कळ लहान यंत्रांत स्मृति मूळ पट्टीवरच झाळून टाकलेली असते. ती मागाहून वाढत नाहीं. म्हणून घेतांनाच १६ जीबी घ्यावी. पुढें आठ वर्षें यंत्र वापरणाऱ्या कुटुंबानें येथें हात आंखडूं नये.

जुनीं अक्षरें, नवें यंत्र

आतां खऱ्या ऐवजाकडे वळूं. सध्यां अनेक घरीं असा संवाद ऐकूं येतो. नातू म्हणतो, “आजोबा, ह्यांत तबकडी घालायला जागाच नाही.” आजोबा विचारतात, “मग तुझ्या आईबाबांचं लग्न आता कुठं बघायचं रे?” प्रश्न विनोदी वाटला तरी खरा आहे. २००० ते २०१५ या काळांतलीं लग्नें, मुंजी आणि साठीशांति बहुतेक तबकड्यांवर आहेत. घरीं लिहिल्या जाणाऱ्या तबकडीवरचा थर उष्णतेनें आणि प्रकाशानें बिघडतो, आणि आपल्या माळ्यांवर दोहोंची वाण नाहीं. जुन्या यंत्राचा तबकडीचा कप्पा चालू आहे तोंवरच या सर्व उतरवून घ्याव्यात.

त्याहून गहन प्रश्न मराठी मजकुराचा आहे. २०१० च्या आधीं घरीं टंकलेला मजकूर बहुधा श्रीलिपी, कृतिदेव, अथवा सीडॅकचे योगेश, सुरेख अशा टंकांतला असतो. या टंकांची युक्ति अशी कीं, संगणकाच्या समजुतीनें तो रोमन अक्षरेंच लिहीत असे. फक्त त्या अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढविलेला असे. नव्या यंत्रांत तो मुखवटा, म्हणजे टंकाची फाइल, नसली कीं आजोबांच्या कुलवृत्तान्ताच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन कचरा दिसतो. मजकूर नाहींसा झालेला नसतो, परंतु न जाणणाऱ्यास तो नाहींसा झाल्यासारखाच वाटतो, आणि असे कागद बिघडलेले समजून पुसून टाकले जातात.

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनीं वर्षानुवर्षें दैनंदिनी लिहिली. १९११-१२ सालच्या शिर्डींतील मुक्कामाच्या नोंदी त्यांत आहेत. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, तरी कागद आणि शाई शाबूत आहे तोंवर त्या वाचावयास डोळ्यांशिवाय दुसरें साधन लागत नाहीं. पंधरा वर्षांपूर्वींचा आपल्या घरचा मजकूर मात्र एका टंकावांचून मुका होतो. हा फरक ध्यानीं घेतला म्हणजे यंत्र बदलण्यापूर्वींचे आठ दिवस किती मोलाचे आहेत हें कळेल.

उपाय कठीण नाहीं. युनिकोड नांवाची जागतिक संकेतपद्धति १९९१ पासून आहे. तींत देवनागरीस स्वतःचीं १२८ घरें दिलेलीं आहेत, आणि विंडोज २००० पासून घरगुती यंत्रांस ती समजूं लागली. जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडांत पालटणारीं साधनें उपलब्ध आहेत. परंतु पालटलेला मजकूर डोळ्यांखालून घातल्यावांचून विश्वासूं नये. जुन्या पद्धतींत जें डोळ्यांस आधीं दिसे तें आधीं टंकीत. म्हणून ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या अगोदर आणि रफार अक्षराच्या मागून येई. युनिकोडांत उच्चाराचा क्रम पाळतात. हा क्रम फिरवितांना यंत्राची चूक होते ती वेलांटींत, रफारांत आणि जोडाक्षरांत. कुलवृत्तान्तांत तर कृष्णाजी, दुर्गाबाई, सूर्यकांत हींच नांवें पानोपानीं असावयाचीं! एकानें मूळ प्रत मोठ्यानें वाचावी आणि दुसऱ्यानें नवी प्रत दुरुस्त करावी, हा जुना मुद्रितशोधनाचा मार्गच येथें उत्तम. आजोबा आणि नातवंडें यांनीं एकत्र बसून करावें असें याहून चांगलें काम सुटींत दुसरें नाहीं. शिवाय जुन्या यंत्रावर, तो टंक चालू असतांनाच, प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची पीडीएफ प्रत काढावी. तिच्यांत टंक बांधूनच येत असल्यानें मजकुराचें रूप तरी कायमचें राहतें.

किल्ली कोणाच्या कमरेला

येथवरचे प्रश्न यंत्राचे झाले. पुढचा प्रश्न घराचा आहे. मोठें यंत्र घराचें होतें. लहान यंत्र एका माणसाचें असतें. तें पिशवींत घालून त्याच्याबरोबर पुण्यास जातें. त्याचें कुलूप त्याच्या बोटाच्या ठशानें किंवा चेहऱ्यानें उघडतें. त्यांतली माहिती त्याच्या नांवाच्या खात्यांतून दूरच्या भांडारांत जाते. जुन्या यंत्राचें सर्व मोडलें तरी दोन मळसूत्रें काढून हार्ड डिस्क बाहेर घेतां येई, आणि साध्या डबींत घालून दुसऱ्या यंत्रावर वाचतां येई. नव्यांत तें होत नाहीं. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें सुरू केलेल्या बहुतेक नव्या यंत्रांतली कोठी आपोआप सांकेतिक लिपींत बंद होते, आणि ती उघडण्याची लांबलचक किल्ली त्या एका खात्यांत जाऊन बसते. चोरापासून रक्षण म्हणून ही व्यवस्था उत्कृष्ट आहे. परंतु खात्याचा धनी आजारी पडला, किंवा ईश्वर न करो, अकालीं गेला, तर त्याच्या पश्चात् पत्नीस, भावास, आईबापांस घरचीं छायाचित्रें पाहतां येतीलच असें नाहीं. पूर्वीं तिजोरीची किल्ली आजींच्या कमरेला असे आणि त्यांच्यामागून ती थोरल्या सुनेकडे येई. या नव्या किल्लीचा वारसा आम्हीं अजून कोठेंच लिहून ठेविलेला नाहीं.

कंपन्यांनीं याचा थोडा विचार केलेला आहे, पण घरांतल्या माणसांनीं तो अंमलांत आणावयास पाहिजे. गूगलच्या खात्यांत २०१३ पासून अशी सोय आहे कीं, ठराविक काळ खातें निपचित राहिलें तर आपण नेमून दिलेल्या माणसास त्यांतली माहिती मिळावी. ॲपलनें २०२१ च्या डिसेंबरांत वारसदार नेमण्याची तशीच सोय केली. याची दुसरी बाजूही ठाऊक असावी. दोन वर्षें न वापरलेलीं वैयक्तिक खातीं पुसून टाकण्याचें धोरण गूगलनें २०२३ सालीं जाहीर केलें. ज्या आजोबांच्या नांवें कोणे काळीं खातें उघडून छायाचित्रें ठेविलीं आणि पुढें तें कोणी उघडलेंच नाहीं, त्यांच्या घरीं हें आजच तपासावें. दूरचें भांडार हें गोदाम आहे. भाडें किंवा वापर थांबला कीं त्याची हमी संपते.

बदलाची रीत

वरील विवेचनावरून आमच्या मतें कुटुंबानें पुढील क्रम धरावा.

१. नवें यंत्र घरीं आल्यावर निदान दोन महिने जुनें हलवूं नये. दोन्ही शेजारीं ठेवावीं. काय राहिलें तें वापरतांनाच कळतें.

२. घरच्या ऐवजाची यादी कागदावर करावी: छायाचित्रें, तबकड्या, कुलवृत्तान्त, शेताचे व करांचे कागद, औषधोपचाराचे कागद, जुनीं पत्रें. प्रत्येकासमोर तें कोणीं पाहिलें व नव्या ठिकाणीं उघडून वाचलें, त्याची सही असावी. नुसती नक्कल झाली एवढ्यावर समाधान मानूं नये.

३. प्रती तीन असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक निराळ्या गांवीं असावी. एकत्र कुटुंबास हें सहज साधतें. एक प्रत नांदगांव पेठेस कपाटांत, एक पुण्याच्या धाकट्याकडे, एक दूरच्या भांडारांत. कपाटांतल्या प्रतीसाठीं जुन्या पद्धतीची फिरती डिस्कच बरी. एसएसडी वर्षानुवर्षें विजेवांचून पडून राहिली तर तींतली माहिती विरूं शकते.

४. नव्या यंत्रांत घरच्या सर्वांसाठीं एक निराळें दालन उघडावें, किंवा घरच्या कागदांसाठीं एक समाईक खातें करावें. सांकेतिक कोठीची किल्ली कागदावर उतरवून, बँकेच्या कागदांबरोबर पाकिटांत बंद करून घरच्या कर्त्या दोन माणसांच्या ताब्यांत असावी. त्या दोघांत एक स्त्री असावी, असा आमचा आग्रह आहे. कारण घरच्या छायाचित्रांची आणि तारखांची खरी आठवण बहुधा तिलाच असते.

५. मग जुन्याचा विचार. बॅटरी फुगली असेल तर ती प्रथम काढवून घ्यावी. फुगलेली बॅटरी घरांत ठेवणें धोक्याचें. यंत्र चालतें असेल, तर लिनक्ससारखी मोफत प्रणाली चढवून तें टेबलावरचें वाचनयंत्र म्हणून आणखी कांहीं वर्षें वापरतां येतें. मोठा पडदा, मोठा कळफलक आणि आंकड्यांचा संच हे त्याचे गुण कोठें गेलेले नसतात.

६. द्यावयाचें ठरलें, तर आधीं कोठी पूर्ण पुसावी. कागद केराच्या टोपलींत टाकून ती रिती करणें म्हणजे पुसणें नव्हे. शाळेस द्यावयाचें तर चालतें करून द्यावें. निकामी झालेलें यंत्र भंगाराच्या गाड्यावर न देतां नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोंचवावें. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत असलेल्या ई-कचरा नियमांनीं अशा वस्तूंची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. तेव्हां नव्याच्या खरेदीच्या वेळींच दुकानदारास जुनें परत घेण्याची व्यवस्था विचारावी.

कोणीं विचारील, एवढा खटाटोप कशासाठीं? लहान यंत्र घेऊं नये असें तर आमचें म्हणणें नाहीं. पाठीवरचें ओझें अर्ध्यावर आलें, विजेवांचून दिवसभर काम चालूं लागलें, आणि डोळ्यांस अक्षर स्वच्छ दिसूं लागलें, हे लाभ सामान्य नव्हेत. ज्यास शक्य आहे त्यानें ते अवश्य घ्यावेत. आमचें सांगणें इतकेंच कीं, मोठ्या यंत्रानें आपल्या आकारामुळें आणि अचलपणामुळें जें काम न सांगतां केलें, म्हणजे साऱ्या घराचा ऐवज एका जागीं आणि सर्वांच्या हातीं ठेवला, तें काम लहान यंत्र आपण होऊन करणार नाहीं. तें आतां घरच्या माणसांस ठरवून करावें लागेल.

त्यास दिवसही आपल्या रीतिरिवाजांत तयार आहे. खंडेनवमीस किंवा दसऱ्यास घरचीं हत्यारें, वह्या, लेखण्या पूजेस मांडतात. हल्लीं त्यांत लॅपटॉपही असतो आणि त्याच्या झांकणावर हळदकुंकवाचें बोट लागतें. त्या दिवशीं पूजेपूर्वीं घरांतल्या एकानें कपाटांतली प्रत काढावी, नव्या यंत्रास जोडावी, आणि कुलवृत्तान्ताचें एखादें पान व दहापांच छायाचित्रें उघडून सर्वांस दाखवावीं. उघडलीं तर उत्तम. न उघडलीं तर दुसऱ्या दोन प्रती अजून शाबूत आहेत, तोंवरच नवी करून घ्यावी. पाकिटांतल्या किल्लीचा कागदही त्याच दिवशीं पाहून ठेवावा. वर्षांतून एकदां, अर्धा तास, एवढें काम आहे.